मुळी आणि चिठ्ठी

करोल बागेत राहणाऱ्या मराठी माणसाला अजमल खान रोड कोठे आहे हे सांगावे लागत नाही. सणासुदीची खरेदी, मुलांचे गणवेश, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दाखवावयाचा बाजार, हे सारे त्याच रस्त्यावर. परंतु ज्या हकीम अजमल खान यांचे नाव त्या रस्त्याला मिळाले, त्यांनी उभारलेले आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय त्याच गर्दीला लागून आजही चालू आहे, आणि तेथील एका प्रयोगशाळेतून १९३१ साली एका रानटी झुडपाच्या मुळीची कीर्ती जगाच्या वाटेला लागली, हे आमच्या शेजाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. खरे सांगावयाचे तर कित्येक वर्षे आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. कचेरीतून परतताना आम्ही त्या फाटकावरून शेकडो वेळा गेलो असू. आत डोकावण्याची बुद्धी कधी झाली नाही.

ती मुळी सर्पगंधेची. सर्पगंधेचे झुडूप हात-दीड हात उंचीचे. पाने तीन-तीन, चार-चार एका पेरावर वर्तुळाकार बसलेली. फुले पांढरी, पण त्यांचे देठ तांबडेलाल. फळे पिकली की काळपट जांभळी. दमट रानाच्या सावलीत ते वाढते. आपल्या कोकणात ‘हरकी’, ‘अडकई’ अशी त्याची नावे नोंदलेली आढळतात. ‘हरकी’ हा शब्द आम्ही लहानपणी आजोळी ऐकला होता. पण ज्या वस्तूला तो लावीत ती वस्तू आम्ही कधी पाहिली नाही. म्हणजे शब्द आमच्याजवळ राहिला आणि वनस्पती निसटली. पुढे जे लिहावयाचे आहे त्याचा उगम या छोट्याशा खजील जाणिवेत आहे.

वनस्पतींचे संग्रह ही काय चीज असते, हे प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एखादी डहाळी, शक्य तर फुलाफळांसह, कागदात दाबून वाळवावयाची, जाड पत्रावर चिकटवावयाची आणि त्याच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावावयाची. चिठ्ठीवर गाव, तारीख, आणि गोळा करणाराचे नाव. एवढे असले की त्याला हर्बेरियममधील नमुना म्हणतात. लोकवनस्पतिशास्त्राचा जो संग्रह असतो त्यात याहून काही अधिक असते: त्या गावचे लोक या झाडाला काय म्हणतात, त्याचा कोणता भाग घेतात, केव्हा घेतात, कशासाठी घेतात. शिवाय साल, मुळ्या, बिया, दोरखंड, रंग, बाजारात विकावयास आलेल्या वस्तू, हेही जपून ठेवलेले असते. पाहणाराला हे सारे पाचोळ्यासारखेच दिसते. त्याचे मोल चिठ्ठीत आहे. चिठ्ठी हरवली की उरतो तो खरोखरच पाचोळा.

सर्पगंधेची चिठ्ठी लिहिण्याचा उद्योग किती जुना आहे पाहा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सापाच्या विषावरील लाकडाविषयी एक संवाद लिहिला. त्यात मुंगूस ही मुळी खाऊन सापाशी झुंजते, ही लोकांत रूढ असलेली कथा आहे. त्याने वर्णिलेल्या प्रकारांपैकी एक म्हणजे आपली सर्पगंधाच, असे पंडित मानतात. ओर्ताने ऐकले ते लिहिले. पण चित्र दिले नाही, नमुनाही ठेवला नाही. म्हणूनच ‘मानतात’ असे म्हणावे लागते.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोचीनच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने, मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ रचविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे निघाले. त्याच्या सहाव्या खंडात, म्हणजे १६८६ साली, सर्पगंधा तिच्या मलयाळी नावाने आणि चित्रासह आली. या ग्रंथाविषयी आपल्या लोकांना विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. इट्टी अच्युतन हा मलबारचा वैद्य हा त्यातील ज्ञानाचा मुख्य आधार. परंतु त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांचे घराणे गोव्याकडून दक्षिणेस गेलेल्या मंडळींपैकी. पहिल्या खंडात त्यांनी दिलेले १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी अक्षरांत कोरून छापले आहे, आणि ग्रंथातील चित्रांवर इतर लिप्यांबरोबर नागरीतही नावे आहेत. मुलखाबाहेर गेलेल्या माणसांनी आपली लिपी कोठवर नेली, याचा असा दाखला दिल्लीत बसून मराठी मासिक वाचणारास नक्कीच सुखावून जाईल. आम्ही त्या पृष्ठाची प्रतिकृती पाहिली तेव्हा ती अक्षरे बराच वेळ बोटाने गिरवीत बसलो होतो.

त्या मानाने झुडपाच्या शास्त्रीय नावाची कथा विनोदीच म्हणावी लागेल. त्या वंशाला ‘रौवोल्फिया’ असे नाव आहे. लेओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील ऑग्सबर्गचा वैद्य. १५७३ पासून दोन-तीन वर्षे तो सिरिया, मेसोपोटेमिया या मुलखांत हिंडला, तेथील झाडे वाळवून त्याने वह्या भरल्या आणि त्या वह्या आजही हॉलंडमध्ये लायडन येथे सुरक्षित आहेत. परंतु हिंदुस्थानात त्याने पाऊल टाकले नाही आणि सर्पगंधा त्याने कधी पाहिली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ प्लुमिए याने १७०३ साली अमेरिकेतील झाडांच्या एका वंशाला त्याचे नाव दिले. लिनीयसने १७५३ साली आपल्या झुडपाला वेगळेच नाव दिले होते, ते पुढे बदलून एकोणिसाव्या शतकात तिला राउवोल्फच्या वंशात नेऊन बसविले. ज्याने झाड पाहिलेच नाही त्याचे नाव झाडाला चिकटले, आणि ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या ओळखले त्यांचे नाव कोठेच नाही. मात्र राउवोल्फच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: साडेचारशे वर्षांनंतर त्याची वाळलेली पाने आपण तपासू शकतो, ओर्ताची नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमदानीत हे नोंदीचे काम सरकारी रीतीने झाले. जॉर्ज वॉट याचा आर्थिक उपजांचा कोश १८८९ पासून निघू लागला. मुंबईस डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांनी औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. परंतु आम्हांला येथे थांबावयाचे आहे ते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्यापाशी. हे मुंबईकर गृहस्थ लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढले. मराठी वाङ्मयाचा इतिहास चाळणारांना ते टेनिसनच्या काव्याच्या आधारे ‘इंदिरा’ हे काव्य लिहिणारे कवी म्हणून ठाऊक असतील. वनस्पतींचा नाद त्यांना जन्मभर होता. त्यांनी आणि अलाहाबादचे मेजर बामनदास बसू यांनी मिळून भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसने प्रसिद्ध केला. छापील ग्रंथ पाहणे मात्र कीर्तिकरांच्या नशिबी नव्हते. १९१७ साली ते निवर्तले. मराठी, हिंदी, बंगाली, तामिळ अशी एकेका झाडाची नावे त्यात ओळीने वाचताना आपण शब्दकोश वाचतो आहोत की वनस्पतिकोश, असा संभ्रम पडतो. या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३३ ते १९३५ या काळात निघाली. ती सुधारणारांत ब्लॅटर आणि कायस या दोघा जेझुइट पंडितांबरोबर डॉ. म्हसकर हे होते.

या म्हसकरांना आणि कायस यांना आम्ही पुन्हा भेटणारच आहोत. कारण आता आपण १९३१ सालात आलो.

हकीम अजमल खानांचे तिब्बिया महाविद्यालय हे त्यांच्या आयुष्यातील मोठे स्वप्न होते. त्याची कोनशिला लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते २९ मार्च १९१६ रोजी बसली. उद्घाटन मात्र १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. व्हाइसरॉयने पाया घालावा आणि असहकाराच्या ऐन भरात गांधींनी दार उघडावे, एवढ्यावरून त्या पाच वर्षांत देश किती पालटला होता ते दिसते. त्या प्रसंगी गांधींनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीला मान दिला आणि आपल्या वैद्य-हकिमांत ती वृत्ती मंदावली आहे, अशी कानउघाडणीही केली. हकीमसाहेबांना ती मनापासून पटली असावी. वनस्पतींची रासायनिक परीक्षा व्हावी म्हणून त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुझ्झमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरले. अजमल खान १९२७ च्या डिसेंबरात वारले. सिद्दीकींनी त्यांची इच्छा प्रमाण मानून १९२८ साली तिब्बिया महाविद्यालयात संशोधन संस्था उभी केली. १९३१ साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकिमांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. राउवोल्फच्या नावाच्या झुडपातून करोल बागेच्या हकिमाच्या नावाचे द्रव्य निघाले. आजही हृदयाचा एक दुर्मिळ, फसवा विकार उघड करण्यासाठी परदेशांतील रुग्णालयांत अजमलीन टोचून पाहतात.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे असे लिहिले. ही काही त्यांची कल्पना नव्हती. बिहारकडे ‘पागल की दवा’ याच नावाने ती विकली जात असे. नावातच नोंद होती. आणि त्याच १९३१ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेतून म्हसकर आणि कायस यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. सर्पदंशावरील म्हणून लोकांत प्रसिद्ध असलेल्या शेकडो वनस्पती त्यांनी प्राण्यांवर शिस्तीने तपासल्या होत्या. त्यांतील एकही सापाच्या विषावर उपयोगी ठरली नाही. ओर्ताचे मुंगूस हरले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही तीन वार्तापत्रे आम्ही एकापुढे एक मांडून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लोकांचे ज्ञान म्हणजे सर्वस्वी सत्य असे मानणारे एका टोकाला आणि सर्व भाकडकथा असे मानणारे दुसऱ्या टोकाला असतात; या मुळीने दोघांनाही खोटे पाडले. सापाविषयी लोक चुकले होते, वेडाविषयी चुकले नव्हते. कोणती नोंद खरी ठरेल हे नोंद करताना कळत नाही. म्हणून दोन्ही लिहून ठेवणे हेच संग्राहकाचे काम.

पुढला इतिहास वेगाने घडला. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी अनेक वर्षे सर्पगंधा रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत आपले निष्कर्ष छापले. जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ काढले. १९५४ च्या सुमारास ते अमेरिकेतील वेड्यांच्या इस्पितळांत पोहोचले. १९५६ साली वुडवर्डने ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखविले. परंतु घडविण्यापेक्षा खणणे स्वस्त होते.

आणि खणणे झाले. सर्पगंधेचे औषध मुळीत आहे, पानाफळांत नाही. हिरड्याची फळे वेचली तर झाड उभे राहते, कुड्याची साल जपून काढली तर झाड वाचते. सर्पगंधेची मुळी काढली की झुडूप संपले. त्यातून मुळी उपयोगी जाडीची होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. खेड्यातील वैदूला वर्षाकाठी चार मुळ्या पुरत असतील. कारखान्याला टनांनी लागू लागल्या. रोजंदारीसाठी खणणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सेराने पैसे मिळत होते आणि रान कोणाचेच नव्हते. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत सर्पगंधा विरळ होत गेली. सरकारला मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणावे लागले, आणि १९९० साली वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातील दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव गेले. बाजारात खऱ्या मुळीत दुसऱ्या मुळ्यांची भेसळ सुरू झाली ती वेगळीच. अमेरिकेतून येऊन येथे रानटी झालेली तिची एक बहीण त्या कामी फार सोयीची पडते.

येथे आक्षेप स्पष्ट आहे आणि तो आम्ही स्वतःलाच घातला. नोंद झाली नसती तर झुडूप वाचले असते. कीर्तिकरांच्या ग्रंथाने, सिद्दीकींच्या बाटलीने, वकिलांच्या लेखानेच तर कुदळीला वाट दाखविली. मग असे संग्रह वनस्पतींचे रक्षण करतात असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला जुन्या ग्रंथांतच मिळाले, आणि ते त्यांत काय आहे यापेक्षा काय नाही यात होते. बहुतेक औषधिग्रंथांत गुण भरपूर असतात. ठिकाण मात्र ‘हिमालय’, ‘दख्खन’, ‘कोकण’ एवढ्या मोठ्या शब्दांत आटोपलेले असते. एका रानात किती झुडपे, वैदू किती घेतो, कोणत्या महिन्यात घेतो, मुळीचा तुकडा ठेवून माती ओढतो की सगळी उपटतो, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. व्यापाराला जे हवे ते लिहिले गेले. रानाला जे हवे ते राहून गेले. चिठ्ठी अर्धीच भरली गेली. ‘उपयुक्त भाग: मूळ’ हे तीन शब्द वाचून कोणाला तरी धोका दिसावयास हवा होता.

तो धोका दिसलेली माणसे पुढे आली. डॉ. जानकी अम्मल यांना पंडित नेहरूंनी भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याची पुनर्घटना करण्यासाठी परत बोलाविले; १९५५ साली प्रिन्स्टन येथे मनुष्याने पृथ्वीचे रूप कसे पालटले यावर जी विद्वत्परिषद भरली, तीत त्या एकट्याच स्त्री होत्या आणि त्या बोलल्या त्या भारतातील आदिवासींच्या निर्वाहाच्या शेतीवर. त्याच खात्यातील डॉ. सुधांशु कुमार जैन मध्य भारतातील आदिवासींत हिंडले आणि त्यांनी लोकवनस्पतिशास्त्राला आपल्या देशात पद्धत लावून दिली: नमुन्यावाचून माहिती घ्यावयाची नाही, आणि माहितीवाचून नमुना घ्यावयाचा नाही. आपल्याकडे पुण्यास त्या खात्याची पश्चिम विभागाची शाखा १९५५ पासून आहे. मालवणचे प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यासच जी संशोधन संस्था उभी राहिली, तेथील डॉ. वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध केला. देवराई म्हणजे तर लोकांनी जिवंतच ठेवलेला संग्रह. तेथे चिठ्ठी नसते, देव असतो. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

भरलेल्या चिठ्ठीचा उपयोग कसा होतो याचा सर्वांत सुंदर दाखला पुन्हा ‘हॉर्टस मलबारिकस’चाच आहे. कालिकतचे प्रा. का. सु. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके या ग्रंथावर घालविली. ऱ्हेडेच्या माणसांनी ज्या भागात झाडे गोळा केली तेथे ते स्वतः हिंडले, ग्रंथातील वनस्पती त्यांनी पुन्हा गोळा केल्या, नावे ताडून पाहिली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आणि २००८ साली मलयाळीही. तीनशे वर्षांपूर्वी येथे काय होते हे लिहिलेले होते म्हणूनच आज येथे काय उरले आहे हे विचारता आले. ज्याची नोंद नाही ते नाहीसे झाल्याचेही कोणाला कळत नाही. आजही एखादी वनस्पती संकटात आहे की नाही हे ठरविताना तज्ज्ञ प्रथम हर्बेरियमची कपाटे उघडतात: पन्नास गावांच्या चिठ्ठ्या आहेत, त्यांतील अलीकडच्या किती?

आमच्या घरापासून पुसा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पुसा हे नाव बिहारचे. तेथील कृषिसंशोधन संस्था १९३४ च्या भूकंपात मोडली आणि १९३६ साली दिल्लीस आली, नाव मात्र बरोबर घेऊन आली. मुलूख सोडून आलेल्यांना हे समजू शकेल. त्याच आवारात १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. तेथील जीनबँकेत पिकांच्या व त्यांच्या रानटी सोयऱ्यांच्या बियांचे साडेचार लाखांच्या आसपास नमुने शून्याखाली अठरा अंशांच्या थंडीत ठेवलेले आहेत, आणि प्रत्येकाबरोबर गाव, नाव, देणारा यांची नोंद असते; तिला तेथे ‘पासपोर्ट’ म्हणतात. आम्हां कारकुनांना हा शब्द फार आवडला. कागदपत्रांवाचून कोणालाही आत प्रवेश नाही, बियालासुद्धा. जवळच वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका संस्थेत कच्च्या औषधी द्रव्यांचे संग्रहालय व हर्बेरियम आहे. बाजारातील मुळी खरी की खोटी हे तेथील खात्रीच्या नमुन्याशी ताडून सांगता येते. भेसळ पकडली जाणे ही केवळ रोग्याची सोय नव्हे. लागवडीची मुळी कोणती आणि रानातून चोरलेली कोणती हा प्रश्न त्यापुढेच सुरू होतो.

या कपाटांची मर्यादाही तेथेच कळते. सर्पगंधेचे बी हट्टी. पेरलेल्यांपैकी बरेचसे उगवतच नाही. म्हणून खोडाच्या फांट्या, मुळांचे तुकडे, काचनळीत वाढविलेली रोपे असे नाना उपाय करावे लागतात. आणि वाळलेल्या पत्रावरून झुडूप पुन्हा उभे करता येत नाही. संग्रह झाड वाचवीत नाही. कोठे जावे, कोणाला विचारावे आणि काय उपटू नये, एवढे तो सांगतो. आमच्या मते एवढे पुरेसे आहे, परंतु ते सांगणे ऐकणारा कोणी असावा लागतो.

एके दिवशी आम्ही खारी बावलीच्या बाजारात जाऊन सर्पगंधा मागितली. दुकानदाराने काही न विचारता एका पोत्यातून तपकिरी, वेड्यावाकड्या, चवीला जहर कडू अशा मुळ्या काढून तराजूत टाकल्या. कोठून आल्या असे विचारले तेव्हा त्याने ‘पहाडातून’ असे उत्तर दिले. कोणता पहाड, हे त्याला ठाऊक नव्हते आणि तसे विचारणारे गिऱ्हाईकही त्याने पाहिले नसावे. एवढ्या इतिहासानंतरही ती पुडी चिठ्ठीवाचूनच आमच्या हातात आली.

त्या रात्री आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मामांना पत्र लिहिले: हरकी म्हणतात ती कोणती, आणि ती अजून आहे काय? मामा सत्तरी ओलांडलेले. उत्तर महिन्याने आले. गावातील जो म्हातारा औषधे देई तो वारला, त्याच्या मुलांना काही ठाऊक नाही. मात्र शेळ्या राखणारी एक बाई म्हणाली की हरकी आहे, आणि तिने ती वहाळाच्या काठी दाखविली. मामांनी हिशेबी माणसासारखी झुडपे मोजली. सात. आम्ही लगेच कळविले की मूळ उपटू नये. एक फुलोऱ्याची डहाळी तेवढी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, तारीख-ठिकाण घालून पाठवावी, आणि त्या बाईला ती केव्हा, कशासाठी घेतात ते विचारावे. तिने सांगितले की बाळंतिणीला देतात, पण एका झुडपाची एकच मुळी काढतात आणि बाकीचे मातीत पुन्हा बसवितात. तिच्या आईने तसे बजावले होते. औषध म्हणून त्याचा गुण किती आणि धोका किती हे वैद्यांनी पाहावे. आम्ही नोंद केली आहे, शिफारस नव्हे.

डहाळी आली आहे. पाने तीन-तीनच आहेत, देठांचा लाल रंग मात्र वाळून गेला. गावाचे नाव आम्ही पत्रावर लिहिले आहे. येथे छापण्याचे मुद्दाम टाळले आहे. चिठ्ठीवर एक रकाना मोकळा राहिला होता. मामांनी विचारले होते की गोळा करणारा म्हणून नाव कोणाचे घालावयाचे, त्यांचे की आमचे. आम्ही त्या बाईचे संपूर्ण नाव विचारून घेण्यास त्यांना लिहिले. गावात तिला सगळे शेळ्यांवाली म्हणूनच ओळखतात, तेव्हा तिचे पुरते नाव कळण्यास दोन पत्रे आणखी लागली.